पोडावरची वैद्यकी : नावे बदलली, पायरी बदलली नाही

🧵 १/
२ ऑक्टोबर १९७७. केंद्र सरकारने देशभर एक योजना सुरू केली : दर हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता. प्रशिक्षण ३ महिन्यांचे, मानधन महिन्याला ५० रुपये, औषधांसाठी आणखी ५० रुपये. म्हणजे गावाच्या आरोग्याची राखण करणाऱ्या माणसाचे मोल दिवसाला पावणेदोन रुपयांहूनही कमी. आजच्या धाग्यात या ५० रुपयांच्या आधीचा आणि नंतरचा इतिहास पाहू. भूमी मुख्यतः यवतमाळ जिल्ह्याची, प्रश्न मात्र साऱ्या देशाचा.

२/
माझे म्हणणे आधीच सांगतो, म्हणजे वाचताना ते तपासून पाहता येईल. गेल्या सव्वाशे वर्षांत सत्तेने आदिवासी व ग्रामीण वस्तीतल्या आरोग्यसेवकाचा शोध पुन्हा पुन्हा लावला, प्रत्येक वेळी त्याला नवे नाव दिले. पण व्यावसायिकाचा दर्जा एकदाही दिला नाही. अभाव ज्ञानाचा नव्हता, पुराव्याचाही नव्हता. अभाव होता तो मान्यतेचा.

३/
प्रथम भूगोल. इंग्रजी अमदानीत हा वऱ्हाडातला ‘वून’ म्हणजे वणी जिल्हा. १९०५ साली त्याला यवतमाळचे नाव मिळाले. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे आदिलाबाद. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम यांची जुनी वस्ती, पुसद-उमरखेडकडे आंध. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के. यांपैकी कोलाम ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिम जमात. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच : कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड.

४/
कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोड सहसा मूळ गावापासून दूर, टेकडीच्या अंगाला किंवा जंगलाच्या कडेला. महसुली कागदावर ते गावातच मोडते, प्रत्यक्षात मात्र ते निराळे जग असते. बोली कोलामी : द्राविडी कुळातली, मराठीशी रक्ताचे नाते नसलेली. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली या भाषेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. पुढचा सारा युक्तिवाद या दोन गोष्टींवर उभा आहे : पोडाचे अंतर आणि पोडाची भाषा.

५/
आता इतिहासातली एक विसरलेली बाजू. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडच्या गोंडांचा अभ्यास केला. त्यांनी नोंदवले आहे की गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणत, कारण त्या भूमीतल्या स्थानिक देवतांचे विधी कोलामांकडे असत. संख्येने आणि साधनांनी मोठा असलेला समाज संकटाच्या प्रसंगी लहान समाजाकडे जाई. ज्यांना आज आपण केवळ ‘लाभार्थी’ म्हणून ओळखतो, ते एके काळी इतरांच्या क्षेमकुशलाचे अधिकारी होते.

६/
याचा अर्थ विधीने रोग बरा होत होता असा नाही. गैरसमज नको. देवी, पटकी, हिवताप यांच्यापुढे ते विधी असहाय होते. पण आजारी माणूस कोणाकडे जातो, हे औषधाच्या गुणावर ठरण्याआधी विश्वासावर ठरते. तो विश्वास वस्तीत आधीच उभा होता. त्याची माणसे होती, त्याची भाषा होती. नव्या वैद्यकाला तो वापरता आला असता. त्याने तो वापरला नाही.

७/
इंग्रजी राजवटीचे दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी उभे राहिले. डोंगरकडेच्या वस्तीशी सरकारी आरोग्याचा संबंध आला तो मुख्यतः लस टोचणाऱ्याच्या फेरीपुरता आणि जन्ममृत्यूच्या नोंदीपुरता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या व्यवस्थेची पातळ साय फाटली. ज्या प्रांतांना त्या साथीचा सर्वाधिक तडाखा बसला त्यांत मुंबई इलाख्याबरोबर मध्य प्रांत व वऱ्हाड होते. रुग्णाने दवाखान्याकडे यावे, या गृहीतावर उभी राहिलेली सेवा साथीच्या दिवसांत कोणाच्याच दारी पोचली नाही.

८/
स्थानिक आरोग्यसेविकेला हाताशी धरण्याचा पहिला मोठा सरकारपुरस्कृत प्रयत्न त्याआधीचा. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. उद्देश होता सुईणींना प्रशिक्षण देण्याचा. हेतू चांगला होता. पण त्या काळच्या लेखनात सुईण जवळजवळ सर्वत्र एकाच रूपात दिसते : अस्वच्छ, अडाणी, धोकादायक. अंधाऱ्या खोलीत शेकडो बाळंतपणे पार पाडणाऱ्या बाईचा अनुभव ‘ज्ञान’ या सदरात कधी नोंदलाच गेला नाही. तिला शिकवायचे होते. तिच्याकडून शिकायचे नव्हते.

९/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. भारतीय आरोग्यव्यवस्थेचा तो पाया. आरोग्यसेवा पैशाअभावी कोणाला नाकारली जाऊ नये, हे त्याचे सूत्र आजही उजळ वाटते. पण त्याच समितीने कमी मुदतीचा ‘लायसेन्शिएट’ अभ्यासक्रम बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर घडवावा असे बहुमताने सुचवले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. बहुमताचा हेतू दर्जा राखण्याचा होता. परिणाम असा झाला की डॉक्टर उच्च दर्जाचा झाला आणि शहरातच राहिला.

१०/
पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणले गेले. आदिवासी व डोंगराळ भागासाठी निकष शिथिल झाले : ३० हजारांऐवजी २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, ५ हजारांऐवजी ३ हजारांमागे एक उपकेंद्र. कागदावर हे न्याय्यच. पण विरळ वस्तीत ३ हजार माणसे गोळा करायची तर किती पोडे, किती टेकड्या आणि किती नाले ओलांडावे लागतात? पावसाळ्यात नाल्याला पूर आला की निकष अलीकडे राहतो आणि ताप पलीकडे.

११/
म्हणून १९७० चे दशक महत्त्वाचे. त्या वर्षी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. गावांनीच निवडलेल्या बायका, त्यांतल्या अनेक दलित आणि निरक्षर, यांना त्यांनी आरोग्यसेविका केले. ज्या बाईच्या हातचे पाणी कालपर्यंत गाव पीत नव्हते, तिच्या हातून आज गावाने औषध घ्यायचे होते. जामखेडचा खरा प्रयोग वैद्यकीय नव्हता, सामाजिक होता. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित प्रयोगांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश झाला.

१२/
त्याच सुमारास चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ जगभर चर्चेत होते. १९७५ साली आपल्याकडे श्रीवास्तव समितीने समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते घडवण्याची शिफारस केली. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे जगातल्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला; लोकांचा सहभाग हा त्याचा कणा. त्याआधीच, १९७७ साली, भारताने योजना सुरू केली होती. वेळ साधली होती. प्रश्न होता योजनेच्या आतल्या रचनेचा.

१३/
आणि रचनाच फसली. निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा झाला, तर गावच्या आरोग्याचे निम्मे प्रश्न बाळंतिणीचे आणि बाळाचे. जामखेडमध्ये बाई केंद्रस्थानी होती. राष्ट्रीय योजनेत ती दाराबाहेर राहिली. मग नावे बदलू लागली : आधी ‘कार्यकर्ता’, पुढे ‘स्वयंसेवक’, १९८१ पासून ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’. ‘कार्यकर्ता’ जाऊन ‘स्वयंसेवक’ येणे हा माझ्या मते केवळ शब्दाचा खेळ नव्हता. कार्यकर्ता पगार मागू शकतो. स्वयंसेवकाने मागितला तर त्याच्या सेवाभावावरच शंका घेता येते.

१४/
याच १९७७ मध्ये डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या डोंगराळ खेड्यांच्या अनुभवातून एक बोचरा प्रश्न विचारला : गावचा आरोग्य कार्यकर्ता हा व्यवस्थेचा हरकाम्या की लोकांचा मुक्तिदाता? त्याची निवड कोण करतो आणि तो उत्तर कोणाला देतो, यावर सारे अवलंबून आहे, असा त्यांचा रोख. हा प्रश्न जपून ठेवा. शेवटाकडे पुन्हा लागेल.

१५/
आता यवतमाळच्या पूर्वेला, चंद्रपूर ओलांडून गडचिरोली. १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’चे काम सुरू केले. बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण होते. निदानाची किल्ली म्हणजे बाळाचे श्वास मोजणे. पण ज्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नाहीत तिने काय करावे? उत्तर सापडले मण्यांत : एक मिनिटाची वाळूची घटिका आणि दर दहा श्वासांमागे सरकवायचा मणी. मण्यांनी ठरावीक खूण ओलांडली की न्यूमोनिया. सुईण अक्षरशत्रू राहिली तरी अचूक निदान करू लागली.

१६/
मला हे साधन साऱ्या धाग्याचे सार वाटते. १९०३ ची दृष्टी म्हणते : सुईणीला येत नाही, म्हणून तिला बदला. मण्यांची दृष्टी म्हणते : साधनाला येत नाही, म्हणून साधन बदला. पहिल्या दृष्टीत कमतरता माणसात असते. दुसरीत ती व्यवस्थेत शोधली जाते.

१७/
पुढची पायरी अधिक धाडसाची. गावातल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि पालक रुग्णालयात नेण्यास तयार नसले, तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ३९ गावांत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. २०११ साली ही पद्धत देशभर स्वीकारली गेली आणि आशांकडे सोपवली गेली. मात्र राष्ट्रीय योजनेत आशांच्या हाती इंजेक्शन आले नाही. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत ६ गृहभेटी, मोबदला २५० रुपये. एका भेटीचे ४२ रुपयेही पुरते नाहीत.

१८/
‘आशा’ आल्या त्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. महाराष्ट्रात त्यांची सुरुवात आदिवासी तालुक्यांपासूनच झाली. १९७७ ची एक चूक येथे सुधारली : कार्यकर्ती बाईच असेल. दुसरी चूक मात्र जपली गेली : ती ‘मानद स्वयंसेविका’च असेल. कामागणिक मोबदला, वेतन नाही. कोविडच्या काळात सर्वेक्षणाचे ओझे याच बायकांनी वाहिले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला; त्याच्या आधी आणि नंतरही महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. सन्मान जिनिव्हात, धरणे आझाद मैदानात.

१९/
पोडावर आणखी एक पेच आहे. आशा ‘गावची रहिवासी’ असावी असा नियम. पण पोड कागदावर ज्या गावात मोडते, त्या गावची रहिवासी पोडाची असेलच असे नाही. आणि शिक्षणाची अट लावली की पोडावरची बाई पहिल्याच चाळणीत गळू शकते. अट शिथिल करण्याची सोय नियमांत आहे, पण सोय ही मर्जीवर चालते, हक्कावर नाही. मग कोलामी न बोलणारी कार्यकर्ती कोलाम घराच्या उंबरठ्यावर येते आणि दोन्हीकडून माना डोलतात. नोंदवहीत ‘समुपदेशन पूर्ण’ असे लिहिले जाते.

२०/
भाषेला एवढे महत्त्व का? सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भातल्या अनेक आदिवासी व दलित समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली; लक्ष्य २०४७ चे, ७ कोटी लोकांच्या तपासणीचे. तपासणीला रक्ताचा एक थेंब पुरतो. पण ‘तू रुग्ण नाहीस, वाहक आहेस, वाहकाने वाहकाशी लग्न केले तर प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता रुग्ण होण्याची’ हे तरुण मुलीला तिची सोयरीक न मोडता, तिच्यावर डाग न लावता कोण समजावणार? त्यासाठी त्या समाजाची कुळे, सोयरिकी आणि लाज, तिन्ही आतून ठाऊक असलेले माणूस लागते.

२१/
आता जगाच्या दुसऱ्या टोकाला. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींनी स्वतःचा दवाखाना उघडला. सरकारी दवाखान्यात मिळणारी वागणूक नको म्हणून व्यवस्थापनच आपल्या हाती घेतले. तेथून समाजनियंत्रित आरोग्यसंस्थांचे जाळे वाढले. १ जुलै २०१२ पासून मूलनिवासी आरोग्य व्यावसायिक हा तेथे राष्ट्रीय नोंदणी असलेला व्यवसाय आहे : ठरलेला अभ्यासक्रम, कायद्याने संरक्षित पदनाम, आणि नोंदणी केवळ मूलनिवासी व टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासी व्यक्तींचीच. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याच नोंदणीव्यवस्थेत त्यांना जागा मिळाली.

२२/
हे चित्र स्वर्गाचे नाही. आजही तेथे मूलनिवासी आणि इतर नागरिक यांच्या आयुर्मानात सुमारे ८ वर्षांची तफावत आहे. हिरावलेल्या जमिनी आणि मोडलेली कुटुंबे यांची भरपाई एका पदनामाने होत नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली : समाजाशी असलेले नाते ही ‘पात्रता’ म्हणून कायद्यात लिहिता येते. आपण तिला अजून ‘सेवाभाव’ म्हणतो आणि म्हणून तिचे मोल करत नाही.

२३/
पहिला आक्षेप : अशाने भोंदू डॉक्टरांना रान मोकळे होईल. उलट आहे. भोंदूगिरी वाढते ती नोंदणी, मर्यादा आणि देखरेख नसलेल्या जागेत. काय करायचे, काय करायचे नाही आणि कधी पुढे पाठवायचे, हे ज्याच्या नोंदणीपत्रात लिहिलेले आहे तो माणूस भोंदू नसतो. तो भोंदूचा पर्याय असतो.

२४/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर : पगार दिला की ती सरकारची शेवटची शिपाई होईल, लोकांची राहणार नाही. हाच वर्नर यांचा प्रश्न. पण आजची स्थिती पाहा. आशेकडे वेतन नाही, तरी अहवाल, उद्दिष्टे आणि नोंदी सरकारच्याच. म्हणजे नोकरीची बंधने सारी आणि नोकरीचे हक्क शून्य. गरिबी हे स्वातंत्र्याचे लक्षण नव्हे. तिला लोकांशी बांधायचे असेल तर पगार तोडून नव्हे, निवड आणि जाब विचारण्याचा अधिकार वस्तीकडे देऊन बांधावे लागेल.

२५/
आणि त्यासाठीचा कायदा अस्तित्वात आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनुसार अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला, वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येते आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीनेही २०१८ च्या अहवालात स्थानिक आदिवासी तरुणांतून ‘आरोग्यमित्र’ घडवावेत आणि ग्रामसभेचा सहभाग घ्यावा असे सुचवले. नव्याने शोधायचे फार थोडे उरले आहे.

२६/
म्हणून मागणी चार ओळींची. पोडाची आरोग्य कार्यकर्ती पोडानेच निवडावी. तिच्या बोलीतली वाक्यताकद ही शाळेच्या दाखल्याइतकीच पात्रता मानावी. तिला नोंदणी, निश्चित वेतन आणि पुढे परिचारिका होण्यापर्यंतची शिडी मिळावी. आणि जन-मन सारख्या योजनेतून येणारे फिरते दवाखाने तिच्या भोवती आखावेत, तिने त्यांच्या मागे धावू नये.

२७/
शेवटी तुम्हां इतिहासप्रेमींसाठी एक काम. किल्ले आणि लढाया यांची साधने जपणारे पुष्कळ आहेत. पण १९७७ चे आरोग्य कार्यकर्ते आणि त्याआधीच्या सुईणी यांची कहाणी कोणत्याच दप्तरात पुरती नाही. ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे आणि दरवर्षी विरळ होत आहे. आपल्या तालुक्यात अशी एक व्यक्ती शोधा. तिच्या परवानगीने तिचे बोलणे तिच्याच भाषेत नोंदवा : कोणती औषधे मिळत, पैसे केव्हा थांबले, नाला कसा ओलांडला, कोण वाचले, कोण नाही. मान्यता देण्याचे काम शासनाचे आहे. पण ज्यांना ती मिळाली नाही त्यांची नोंद ठेवणे आपल्या हाती आहे. ⬛